मे महिन्यातली साइट: उन्हात राबणारी माणसं कशी जपायची

पेपरात ‘चंद्रपूर ४४ अंश’ असं छापून येतं तेव्हा तो आकडा सावलीतला असतो, हे आधी ध्यानात घ्या. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून चारेक फुटांवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. त्याला थेट ऊन लागत नाही आणि वारा मात्र मिळतो. सळई बांधणारा कारागीर स्लॅबच्या साच्याच्या लोखंडी प्लेटांवर (सेंटरिंगवर) उकिडवा बसलेला असतो. वरून ऊन, खालून प्लेटची धग, हातात तापलेली सळई आणि शेजारच्या भिंतीची झळ. त्याच्या अंगाला त्या दिवशी ४४पेक्षा कितीतरी जास्त सोसावं लागतं.

मी विदर्भात इमारतींच्या साइटवर देखरेखीचं काम करते. हे लिहितेय ते मुकादमांसाठी, छोट्या ठेकेदारांसाठी, आणि स्वतःचं घर बांधायला काढलेल्या मालकांसाठीही, कारण त्यांच्याकडे चार-सहा माणसं राबत असतात आणि सुपरवायझर कोणी नसतो. रस्त्याच्या कामावर, वीटभट्टीवर, शेतात धसकटं वेचायला माणसं लावणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

माझं म्हणणं एकच आहे. उन्हापासून बचाव ही गोष्ट मजुराच्या हिमतीवर सोडायची नसते. पाणी, सावली, बसायला दहा मिनिटं मागावी लागली तर कोणीही मागत नाही. हजेरी कापली जाईल, मुकादम बोलेल, सोबतचे हसतील, असं मनात येतं आणि माणूस गप्प राहतो. म्हणून हे सगळं न मागता मिळेल अशी दिवसाची आखणी आपणच करायची.

धडधाकट माणूसच आधी का पडतो

लोकांची समजूत असते की ऊन लागतं ते म्हाताऱ्यांना आणि लेकरांना. घरात बसलेल्यांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. पण साइटवर पडतो तो बहुधा विशी-तिशीतला, ठेक्यावर काम घेतलेला, दणकट पोरगा. कारण उष्णता नुसती वरून येत नाही, ती आतूनही तयार होते. स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात त्यातली साधारण पाऊण ऊर्जा उष्णता होऊन अंगातच राहते. जो जोरात काम करतो त्याच्या आत जास्त उष्णता निघते. ‘आज एवढे बरास संपवून टाकू’ म्हणत जेवण पुढे ढकलणारा पोरगा मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो.

ही उष्णता बाहेर टाकायला शरीराकडे मुख्य उपाय घामाचा. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. एप्रिल-मेमधे आमच्याकडे हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याबरोबर उडून जातो. माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाही, म्हणून पाण्याचीही गरज नाही. संध्याकाळी त्याच्या शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे वेढे दिसतात, तेव्हा किती पाणी गेलं ते कळतं.

कोकणात आणि मुंबईकडे उलटं. तिथे पारा कमी, पण हवा दमट. घाम टपटप गळतो आणि वाळत नाही, म्हणजे त्याचा उपयोगच होत नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात उघड्यावर बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जण दगावले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता आणि ती माणसं काम करत नव्हती, नुसती बसलेली होती. त्यामुळे ‘आमच्याकडे कुठे ४५ होतं’ असं ठाणे-रायगडच्या ठेकेदारांनी म्हणू नये. आमच्याकडेही रोहिणीच्या शेवटी ढग येतात, मृगाचा एखादा शिडकावा होतो, पारा ४०वर उतरतो आणि सगळे सुटल्यासारखे वागू लागतात. ते दमट दिवस मेअखेरच्या नवतपाच्या कोरड्या दिवसांइतकेच जपायचे.

पहिला आठवडा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. उन्हात काम करताना होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात, असं अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा खात्याच्या पाहणीत दिसलं आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि हृदयावरचा ताण उतरतो. हे मनाच्या ताकदीने होत नाही, दिवस जावेच लागतात. आणि माणूस आठवडाभर कामावरून गेला की ही सवय उतरायला लागते.

आमच्याकडे अडचण अशी की नवीन माणूस नेमका मे महिन्यातच येतो. लग्नसराईत जुनी माणसं गावाला जातात, काही तेंदूपत्त्याला जातात, आणि काम अडतं म्हणून मुकादम ठिय्यावरून मिळेल तो बिगारी उचलून आणतो. कॉलेजच्या सुट्टीत चार पैसे कमवायला आलेली पोरंही असतात. त्यांना पहिल्याच दिवशी सिमेंटच्या गोण्या वाहायला लावतात, कारण ‘नवीन आहे, दमाचा आहे’.

असं करा. अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या पाचव्या हिश्श्याइतकंच द्या, म्हणजे आठ तासांतले दीड-पावणेदोन तास. दुसऱ्या दिवशी दोन पंचमांश, तिसऱ्या दिवशी तीन, असं वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. जुना माणूस सुट्टीवरून परत आला असेल तर पहिल्या दिवशी निम्मं, मग साठ टक्के, मग ऐंशी, चौथ्या दिवशी पूर्ण. उरलेल्या वेळात त्याला सावलीतलं काम द्या: सळईच्या रिंगा वाकवणं, बाइंडिंग वायर कापणं, प्लेटा साफ करून तेल लावणं, खालच्या मजल्यावरचा राबिट (मलबा) उचलणं. प्रत्येक साइटवर अशी कामं साचलेली असतातच. मी त्यांची वेगळी यादी ठेवते आणि ती मुद्दाम नव्या माणसांसाठी राखते.

मजुरी मात्र पूर्ण द्यायची. इथे ठेकेदार कुरकुरतात. त्यांना मी हिशोबच मांडून दाखवते: एका माणसाची तीन-चार दिवसांची थोडी कमी झालेली कामगिरी एका बाजूला, आणि साइटवर माणूस पडला तर बंद पडणारं काम, पोलीस, दवाखाना आणि एका घराचा गेलेला कमावता माणूस दुसऱ्या बाजूला. हजेरी कापणार असाल तर हा सगळा बेत फुकट आहे, कारण मग नवीन माणूस ‘मी जुनाच आहे जी, मागच्या साली पण होतो’ असं सांगून उन्हात उभा राहील.

सगळ्या साइटलाच हे लागू होतं तो काळ म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. पारा दोन दिवसांत एकदम चार-पाच अंशांनी चढतो तेव्हा सगळेच नवीन असतात. त्या आठवड्यात कामाचा वेग सगळ्यांचाच उतरवायचा.

कोणतं काम कधी

उन्हाळ्यात आमची वेळ सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत. बारा ते तीन काम टाळा असं सरकारी पत्रकात असतं, पण विदर्भात पारा सर्वांत वर असतो तो अडीच-तीनच्या पुढे, आणि चारलाही गच्ची भाजत असते. म्हणून चार वाजता सुरुवात आतल्या कामाने करायची, गच्चीवर साडेपाचनंतर.

इमारतीची स्वतःची सावली असते, ती वापरा. बाहेरचं प्लास्टर पश्चिमेच्या भिंतीवर सकाळी आणि पूर्वेच्या भिंतीवर दुपारनंतर घ्या. एवढ्यानेच माणूस दिवसभर सावलीत राहतो आणि प्लास्टरलाही ते मानवतं, तडे कमी जातात. सळई बांधणं, प्लेटा ठोकणं हे सूर्य डोक्यावर यायच्या आत, साडेनऊ-दहापर्यंत. दुपारी थांबायला जमतच नसेल तर आतलं प्लास्टर, फरशी, वायरिंगच्या पाइपची खाच असली कामं काढा. पराचीवर, म्हणजे भिंतीलगतच्या मचाणावर, दुपारी कोणालाही चढू देऊ नका. जमिनीवर नुसती चक्कर येऊन माणूस बसतो. तिसऱ्या मजल्याच्या पराचीवर तीच चक्कर जीव घेते, आणि कागदावर तो मृत्यू ‘पडून’ म्हणून लागतो.

स्लॅब रात्री किंवा पहाटे टाका. ठेकेदार माणसासाठी ऐकत नसेल तर काँक्रीटसाठी ऐकेल: भारतीय मानक ७८६१च्या पहिल्या भागात ४० अंशांवरच्या हवेतलं काँक्रीटकाम ‘उष्ण हवामानातलं’ धरून त्याची वेगळी काळजी घ्यायला सांगितलं आहे. भर उन्हात टाकलेला स्लॅब पाणी लवकर सोडतो, भराभर आवळतो आणि वर तडे पडतात. रात्रीच्या स्लॅबला दिवे भरपूर लावा, कडेला कठडा बांधा, आणि रात्रभर राबलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावू नका.

पाणी किती, कुठे आणि कोण देणार

तहान लागली की पिऊ, हे चालत नाही. तहान लागते तेव्हा शरीर आधीच मागे पडलेलं असतं. नियम सोपा ठेवा: उन्हात काम चालू असताना दर वीस मिनिटांनी एक पेला, साधारण पाव लिटर. म्हणजे तासाला पाऊण लिटर, आठ तासांचे सहा लिटर. वीस माणसं असतील तर १२० लिटर, वीस लिटरचे सहा कॅन. हे फक्त पिण्याचं. तोंड धुवायला, गमछा भिजवायला वेगळं. सकाळी किती कॅन आले आणि संध्याकाळी किती उरले हे पाहत जा. अर्धे उरले असतील तर माणसं पाणी पीत नाहीत, आणि त्याचं कारण शोधायला हवं.

एकदम लोटाभर पाणी ढोसायचंही नाही. तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं मीठ उतरतं, आणि तोही गंभीर प्रकार असतो.

पाणी जिथे काम चालू आहे तिथे हवं. खाली गेटपाशी रांजण आणि काम चौथ्या मजल्यावर, असं असेल तर कोणी उतरणार नाही. मजल्यागणिक माठ ठेवा, त्याला ओलं पोतं गुंडाळा, दांड्याचा ओगराळा ठेवा म्हणजे हात बुडत नाहीत. आणि एक माणूस फक्त पाणी देण्यासाठी नेमा. उन्हात झेपणार नाही असा एखादा वयस्कर मामा किंवा बाळंतपणानंतर परत आलेली बाई हे काम उत्तम करते. पाणी हातात आणून दिलं तर माणूस नाही म्हणत नाही, हे मी प्रत्येक साइटवर पाहिलं आहे.

आता बायांचं. घमेली वाहणाऱ्या रेजा दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि त्याचं कारण एकच असतं: जायला जागा नसते. सकाळी घरून निघण्याआधी दोन घोट, मग थेट संध्याकाळी. हे त्या कोणत्याही पुरुष मुकादमाला सांगणार नाहीत. साइटवर दार आणि कडी असलेला, आत पाणी असलेला, बायांसाठी वेगळा संडास नसेल तर पाण्याच्या कॅनची संख्या वाढवून काहीही होणार नाही. पिण्याचं पाणी आणि बाया-पुरुषांसाठी वेगळी सोय ही कायद्यानेच मालकाची जबाबदारी आहे. घर बांधणाऱ्या मालकांनी तर एवढं करावंच: प्लॉटच्या कोपऱ्यात पहिल्या दिवशी संडास उभा करा, मग पाया खणा.

पाण्याबरोबर मीठही जातं. पोटऱ्यांत, पोटात गोळे येऊ लागले तर ते मीठ-पाणी कमी पडल्याचं लक्षण समजा. घामाचं काम तासन्‌तास चालू असेल तर दिवसातून दोन वेळा साध्या पाण्याऐवजी मिठाचं काहीतरी द्या. मीठ घातलेलं ताक, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं, लिंबूपाणी, काहीही चालेल. ओआरएसची पाकिटं मात्र साइटवर कायम हवीत. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असा उल्लेख असलेलं पाकीट घ्या. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात आणि छोटं २०० मिलीत, जसं त्यावर लिहिलं असेल तसंच. अर्धं पाकीट पेल्यात टाकून दिलं तर ते चुकीचं होतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. नुसत्या ग्लुकोज पावडरीत मीठ पुरेसं नसतं, आणि खोक्यातली गोड पेयं ओआरएसच्या जागी देऊ नका. मिठाच्या गोळ्या नकोत. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने मिठाचं डॉक्टरांना विचारून ठरवावं.

लघवीचा रंग हा प्रत्येकाचा स्वतःचा मापक आहे. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद, थोडी आणि जळजळ होत असेल तर पाणी कमी पडतंय. हे सकाळी सगळ्यांना उघड सांगून टाकावं, लाजू नये.

खिशात कांदा ठेवण्याबद्दल विचारतात. कांदा-भाकर खाऊन या, चांगलंच आहे. पण खिशातला कांदा अंगातली उष्णता काढत नाही, आणि तो आहे म्हणून कोणी दुपारी उन्हात उभा राहत असेल तर तेवढं थांबवा.

सावली आणि बसणं

सावली म्हणजे हिरव्या नेटची, चारी बाजूंनी मोकळी. पत्र्याची शेड दुपारी स्वतःच धग सोडते आणि काळी ताडपत्री डोक्याशी आली की आत कोंडतं. नेटचे दोन थर, मध्ये हातभर फट, खाली ओलं पोतं अंथरलेलं. कामापासून दोन-तीन मिनिटांच्या आत पोहोचता आलं पाहिजे.

पारा ४०च्या आसपास असताना जड कामाला तासाला दहा मिनिटं, ४३-४४च्या वर वीस मिनिटं बसवते. शिट्टी वाजली की सगळ्यांनी बसायचं, मिस्त्रीनेही. मिस्त्री उभा राहिला तर बिगारी बसत नाही. म्हणून मी आधी मिस्त्रीला पटवते, बाकीचे आपोआप येतात.

कपड्यांचं फार सांगत नाही; उन्हाची सवय असलेली माणसं ते आपसूक करतात. पूर्ण बाह्यांचा, सैल, फिक्या रंगाचा सुती शर्ट. बाया साडीवर जो पुरुषी शर्ट घालतात तो उपयोगाचाच आहे, फक्त जाड टेरिकॉटचा नको. गमछा ओला करून मानेवर. हेल्मेट काढायचं नाही. त्याच्या आत ओला रुमाल ठेवा आणि बसताना हेल्मेट उतरवा.

सकाळचे चार प्रश्न

हजेरी घेताना मी विचारते: रात्री झोप झाली का, ताप-जुलाब-उलटी काही झालं का, रात्री दारू घेतली का, कसली गोळी चालू आहे का. खरं उत्तर मिळावं म्हणून एक पाळावं लागतं: हो म्हणणाऱ्याला घरी पाठवायचं नाही, सावलीतलं काम द्यायचं. आदल्या दिवशी जुलाब झालेला माणूस आधीच कोरडा पडलेला असतो. दारूने पाणी जातं आणि झोपही मोडते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या, मनाच्या आजारावरची काही औषधं यांनी शरीराची थंड होण्याची ताकद कमी होते. औषध स्वतःहून बंद करायचं नाही, काम बदलायचं. गरोदर बाईला उन्हातलं काम द्यायचंच नाही.

लग्नातून थेट कामावर आलेला माणूस हा चारही प्रश्नांत अडकतो. त्याला त्या दिवशी नव्यासारखंच वागवा.

आणि माणसं राहतात कुठे तेही बघा. साइटवरच्या पत्र्याच्या खोल्या रात्री बारापर्यंत निवत नाहीत. दिवसा तापलेलं शरीर रात्री निवलं नाही तर दुसरी सकाळ आधीच थकलेली सुरू होते. पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारा, वर तुऱ्हाट्या किंवा पोती टाकून संध्याकाळी पाणी मारा, समोरासमोर खिडक्या ठेवा. खर्च फारसा नाही, आणि उन्हाळाभर माणसं टिकतात.

लक्षणं: स्वतःला कळत नाहीत

उष्णता मेंदूवर चढते तेव्हा माणसाला आपलं काही बिघडलंय हेच कळत नाही. म्हणून जोड्या लावा. दोघांनी एकमेकांकडे लक्ष ठेवायचं, आणि जोडीदाराबद्दल सांगणं म्हणजे चुगली नाही हे स्पष्ट सांगायचं.

पहिली पायरी: डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, खूप घाम, गोळे येणं, एकदम थकवा. हा माणूस ‘काही नाही जी मॅडम, थोडं गरगरून रायलं’ म्हणेल. त्याला सावलीत आणा, बूट-शर्ट काढा, अंगावर पाणी मारा, वारा घाला, घोटघोट ओआरएस द्या. शेजारी कोणीतरी बसा. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही किंवा सारख्या उलट्या होऊ लागल्या तर दवाखाना. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा कामाला लावू नका.

दुसरी पायरी उष्माघाताची आणि तिची खूण मेंदूची आहे: असंबद्ध बोलणं, विनाकारण चिडणं, शून्यात बघणं, दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खाणं, झटके, बेशुद्धी. नाव विचारा, गाव विचारा, आज कोणता वार ते विचारा. उत्तर अडखळलं की उष्माघात समजूनच पुढचं करा. घाम थांबून कातडी कोरडी पडली तरच उष्माघात, असं बरेचजण मानतात. काम करता करता पडलेला माणूस घामाने चिंब असू शकतो आणि तरीही त्याच्या अंगात ४० अंश सेल्सिअसच्या वर ताप असतो. घाम आहे म्हणून थांबू नका. आणि ‘हा पिऊन आला असेल’ असं म्हणून कोणाला बाजूला झोपवू नका; तसं झोपवलेलं माणूस हातचं जातं.

पडलाच तर: आधी थंड करा, मग हलवा

एकाने १०८ला फोन करायचा, गेटवर उभं राहून गाडीला वाट दाखवायची. बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागायचं. गाडी येईपर्यंतची मिनिटंच सगळं ठरवतात. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरला तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. रिक्षात कोंबून भर उन्हातून तालुक्याला नेण्यात तोच अर्धा तास जातो.

साइटवर यासाठी लागणारं सगळं असतं. एक ताडपत्री घ्या, माणसाला मधोमध झोपवा, कपडे उतरवा. तिघा-चौघांनी ताडपत्रीच्या कडा उचलून खोलगट झोळी करा आणि त्यात पाणी ओता, हौदातलं चालेल. क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारायच्या, नळीचं पाणी वापरणार असाल तर आधी ते बाजूला सोडून द्या. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी पोळण्याइतकं गरम असतं. बर्फ मिळाला तर त्यात टाका. जवळची रसवंती किंवा बर्फवाला कुठे आहे आणि त्याचा नंबर काय, हे एप्रिलमध्येच भिंतीवर लिहून ठेवा. पाणी अंगाभोवती सारखं हलवत राहा. एकाने डोकं आणि तोंड पाण्याच्या वर धरूनच ठेवायचं, त्याने दुसरं काही करायचं नाही.

ताडपत्री नसेल तर अंगभर ओल्या चादरी टाका, त्या मिनिटा-दोन मिनिटांनी बदला, वरून पाणी मारत राहा आणि जोराचा वारा घाला. नुसता पंखा ४०च्या वरच्या हवेत अंगावर गरम झळच फेकतो, म्हणून अंग ओलं असलंच पाहिजे. कूलर असेल तर उत्तम, फक्त वायर पाण्यापासून दूर.

शुद्ध हरपली असेल किंवा बोलणं असंबद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते फुप्फुसात जातं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल देऊ नका, या तापावर ते काम करत नाही आणि यकृताला त्रास होऊ शकतो. तळहाताला कांद्याचा रस चोळत, कैरीचा गर लावत बसू नका. ज्या हातांनी ते चोळणार त्या हातांनी पाणी ओता. माणूस नीट बोलू लागला आणि कुडकुडायला लागला की बर्फाचं पाणी थांबवा, पण दवाखान्यात न्यायचंच. उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यांत उष्माघात कक्ष असतात. तिथे पोहोचल्यावर तो किती वाजता पडला, किती वेळ थंड केला आणि कोणत्या गोळ्या घेतो हे सांगा. मूत्रपिंड आणि यकृताला झालेली इजा एक-दोन दिवसांनी दिसते, त्यामुळे ‘आता चांगला बोलतोय’ म्हणून परत आणू नका.

हे सगळं वाचून ठेवण्यापेक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदा करून बघा. एका धडधाकट पोराला ताडपत्रीत झोपवा, कडा कोण धरणार, नळी कोण आणणार, डोकं कोण सांभाळणार हे ठरवा आणि पाणी ओता. सगळे हसतात, पण खरी वेळ आली तेव्हा मी पाहिलंय, सराव केलेल्या टोळीत कोणी इकडेतिकडे बघत उभं राहिलं नाही.

उष्माघातातून उठलेल्या माणसाला मात्र त्या उन्हाळ्यात पुन्हा उन्हात उभं करण्याची घाई नको. काही आठवडे, कधी महिने त्याचं शरीर उष्णता पूर्वीसारखी सोसत नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच घ्या, आणि घ्याल तेव्हा अगदी नव्या माणसासारखं, पहिल्या दिवशी पाचव्या हिश्श्यापासून, जोडीला जुना माणूस देऊन. तोवर त्याला रिंगांच्या कामावर सावलीत ठेवा आणि त्याची हजेरी पूर्ण मांडा.